तात्याबाच्या घरची चौदा दारं

१२ जानेवारी १९७९

कंपनीच्या गेटला टाळं लागून आज बेचाळीस दिवस झाले, आणि आज मला काम मिळालं. तेही कुणा सुपरवायझरच्या हाताखाली नाही, माझं स्वतःचं.

भोसरीच्या तात्याबानं निरोप धाडून बोलावलं. त्याची अकरा एकर जमीन कारखान्यांत गेली, त्या पैशावर तो गावाबाहेर दुमजली घर बांधतोय. छावणीकडं एक जुना साहेबी बंगला पाडला, त्यातल्या आतल्या खोल्यांची चौदा दारं त्यानं लिलावात उचलली. अस्सल साग, पण दशा बघवत नाही. तीन दारांच्या खालच्या फळ्या पाण्यानं सडलेल्या, दोहोंच्या बिजागऱ्या उखडलेल्या, एकाचा कोपरा घुशींनी खाल्लेला. आणि सगळ्यांवर रंगाचं पुटावर पूट. पत्रीनं कोपरा खरवडून थर मोजले. सफेदा, हिरवा, परत सफेदा असे सात भरले.

तात्याबा म्हणाला, "खंडू, खालचं लाकूड दिसाय पायजे बघ. अक्षय तृतीयेला वास्तुशांत हाय." मग जरा घुटमळून, दुसरीकडं बघत, "त्यातलं एक देवघराला लागनार हाय. तुला काय अडचन न्हाई ना?"

मी म्हणालो, "मला कसली अडचण? तुमच्या देवाला विचारा."

तो मोठ्यानं हसला. माणूस वाईट नाही. पण माझा बाप याच्या बापाच्या अंगणात खालच्या अंगाला उभा राहायचा, आणि आता याच्या देवघराचं दार माझ्या हातचं असणार. हे कुणाला बोलून दाखवणार नाही. इथं लिहितो.

१५ जानेवारी

दारं ट्रॅक्टरमधून आली. दिघीत आमच्या वस्तीवर एवढं साग कुणी पाहिलेलं नाही, पोरंसोरं गोळा झाली. बाहेर ठेवावीत तर चोरीची भीती, वर दव. म्हणून पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून लावली. घर दोन खोल्यांचं. आता कस्तुराचं अंथरूण दारांच्या पायाशी येतं. ती खूश आहे. पाच वर्षांच्या पोरीला कशाचाही किल्ला होतो.

ब्लोलॅम्प पेटवून कामाला लागलो. जुना रंग तापला की पुरीसारखा फुगतो, तेवढ्यात पत्री घालायची. क्षणभर उशीर झाला तर लाकूड करपतं, घाई केली तर रंग चिकट राहतो. हे मला कुणी शिकवलं नाही. लाकूड शिकलो कंपनीच्या पॅकिंगमध्ये खोकी ठोकताना, आणि रंग त्याआधी दोन वर्षं रंगखात्यात. तिथं एक बरं होतं, रोज अर्धा लिटर दूध आणि गुळाचा खडा मिळायचा. गूळ मी खायचो, दूध बाटलीतून कस्तुराला आणायचो. कंपनीनं केलेला तेवढाच लाड.

२३ जानेवारी

पहिलं दार स्वच्छ झालं. सात थरांच्या खाली काय रेषा आहेत लाकडाला! पाण्याचा हात फिरवला आणि दार जागं झालं. सरूला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान हाय की. पन खोलीभर धूर किती केलाय बघा!" नवऱ्याचं कौतुक करताना बायकोच्या जिभेला काटा का टोचतो, कळत नाही.

खरवड मात्र तिनं वाया जाऊ दिली नाही. रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत दोन-दोन तास जातात, आणि इथं घरात जळण आपण होऊन पडतंय. रंगाच्या सालपटांनी चूल भरकन पेटते. सडक्या फळ्यांचे तुकडे वरून घातले की भाकरी होईपर्यंत बघायला नको.

कस्तुरा सालपटं वेचून खेळते. आज तोंडात घातलेलं पाहिलं. "थुंक आधी!" म्हणून ओरडलो, तर म्हणते, "दादा, गोड लागतंय." लाकडाचं कुसळ जिभेत घुसलं म्हणजे गोड कळेल, असं म्हणून तोंड उघडून नीट बघितलं. कुसळ नव्हतं.

४ फेब्रुवारी

तीन दारं तयार. सडकी फळी कापून जुन्याच सागाचा तुकडा खाचेत बसवला, फटीत लांबी भरली. जोड शोधून दाखवा म्हणावं.

या राखेनं भांडी चांदीसारखी निघतात, असं सरू म्हणते. तिनं मलमलीच्या फडक्यातून राख चाळून, मीठ आणि लवंगेची पूड घालून राखुंडी केली आहे. मऊसूत. कस्तुराला एरवी दात घासायचा कंटाळा, आता आईपुढं आ करून बसते. शेजारच्या गिरजाबाईंनाही डबाभर दिली. चांगुलपणा करायला सरूला निमित्त लागत नाही.

११ फेब्रुवारी

भिवा आला होता. तो अजून रंगखात्यातलाच, म्हणजे टाळं उघडलं तर. दारं बघून म्हणाला, "भावा, काम एक नंबर. पन तोंडाला फडकं बांधत जा की. आन् दूध पीत जा."

"कंपनीत तू बांधत होतास?"

"म्या कशाला बांधतोय?" म्हणाला, आणि दोघंही हसलो. दूध प्यायला पैसे कुठं आहेत, ते तो विसरला. कोरा चहा पिऊन गेला.

१९ फेब्रुवारी

कस्तुराचं पोट दुखतं. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. चार दिवस शौचाला झालं नाही. भोसरीच्या डॉक्टरांनी जंत सांगितले, औषध दिलं. वस्तीतल्या सगळ्या पोरांना तेच सांगतात, तेच औषध देतात. असतीलही जंत.

४ मार्च

आज मी कस्तुराला मारलं. असं कधी केलं नव्हतं.

बालवाडीत जायच्या आधीपासून तिला 'अ' ते 'ज्ञ' येत होतं, मी शिकवलं होतं. आज खडूनं दारावर 'क' काढून विचारलं, हे काय? तिच्या नावाचं अक्षर. ती बघत राहिली. पुन्हा विचारलं. म्हणाली, "ठावं न्हाई." खोटं बोलते असं वाटलं आणि हात उठला. ती रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीला टेकून बसली. मग मीच रडलो.

हल्ली डोकं लवकर तापतं. डोकं दुखतं, तोंडाला पितळेची चव येते. उजव्या मनगटात जोर नाही, रंधा ओढताना हात खाली पडतो. सात दारं झाली. बसून खाल्लेल्या सहा आठवड्यांनी शरीर लाडावलं, दुसरं काय.

१२ मार्च

आई आली देहूहून. चिमाबाई म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट. नातीला बघून तिनं आधी मलाच फैलावर घेतलं, "पोरगी पांढरीफटक पडलीया, डोळं हायती का न्हाईत तुला?"

मग दुपारी ती ट्रॅक्टरवाल्याशी बोलत बसली. तो तात्याबाचे चेक सोडून बाकी सगळ्या गोष्टी आणून पोचवतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या बंगल्यात म्हणे साहेबाची दोन पोरं गेली होती, एकापाठोपाठ एक, झटके येऊन. मडमेला वेड लागलं. नंतरच्या बिऱ्हाडाचंही एक मूल गेलं.

झालं. आई उठली ती थेट दारांपुढं जाऊन उभी राहिली. "खंडू, ह्या दारांस्नी काय तरी हाय. बाधत्यात ती पोरीला. आधी घराभाईर काढ. महाळुंग्याला एक देवऋषी हाय..."

मला वाईट वाटलं ते याचं, की हे आई बोलत होती. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव फडक्यात बांधून हिनं स्वतःच्या हातानं इंद्रायणीत सोडले होते. मी बारा वर्षांचा, बरोबर होतो. परत येताना तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं. तेवढी हिंमत मी पुढं कुणात पाहिली नाही. मी तिला म्हणालो, "आई, देव सोडलेस, आणि आता भुताला धरतेस?"

ती म्हणाली, "देव आपले नव्हतं, म्हनून सोडलं. पोरगी आपली हाय."

खरं तर आता थंडी सरली होती आणि दारं अंगणात मांडव घालून ठेवायचा विचार मी कालच केला होता. तो रद्द. आज ती भुताच्या भीतीनं बाहेर काढली, तर उद्या पोरीच्या गळ्यात गंडा येईल आणि परवा उंबऱ्यावर लिंबू. दारं आहेत तिथंच राहतील.

२० मार्च

सरूनं रडून-भांडून कस्तुराला तळेगावला मावशीकडं पाठवलं. जाऊ दे, हवापालट होईल.

तिच्या अंथरुणाच्या जागेवर घासकाम मांडलं. घर रिकामं लागतं. दुपारी तीनदा तिला हाक मारली.

१ एप्रिल

कस्तुरा परत आली. चालत आली! गालावर जरा रंग आहे, मावशीकडं पोटही दुखलं नाही म्हणे. आल्या आल्या विचारलं, "दादा, माझा किल्ला कुटं हाय?" मी दारं सरकवून तिची जागा परत करून दिली. सरू बऱ्याच दिवसांनी हसली. आई मात्र मावशीला पुन्हा पुन्हा विचारत होती, तिथं एकदाबी दुखलं न्हाई? एकदाबी?

९ एप्रिल

पुन्हा तेच. उलट्या. पोटात कळ. उठून चालायला लागली तर चौकटीवर आदळली.

सरू आज पाया पडली माझ्या. "अवं, माझं ऐका. ती दारं घरात आल्यापासनं समदं सुरू झालंय. पोरगी घराभाईर गेली की बरी ऱ्हाते, घरात आली की पडती. आता आनि काय बघायचं ऱ्हायलंय?"

मी तिला समजावलं. तळेगावची हवा चांगली, विहिरीचं पाणी गोड, मावशीकडं म्हैस आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधायचं असतं, असं मी तिला शांतपणे सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि कस्तुराचं तोंड धूत होती. उलटीनं तोंड कडू झालं म्हणून तिनं बोटावर राखुंडी घेऊन पोरीचे दात हळूहळू घासले.

अडाणी माणसाशी वाद घालणं सोपं. जीव लावणाऱ्याशी फार अवघड.

१४ एप्रिल

जयंती. विहारापुढं कस्तुरा गाणं म्हणणार होती. पांढरा फ्रॉक दोन महिन्यांपूर्वीच शिवून ठेवलाय. तो तिला घातला, खांद्यावर बसवून नेलं. माईकपुढं उभी केली तर उभी राहीना, नुसती लोकांकडं बघत होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी उचलून घरी आणली.

बारा दारं झाली. देवघराचं आणि एक लहान राहिलं.

१८ एप्रिल

लहान दार काल उरकलं. आज देवघराच्या दाराला लाखेचा शेवटचा हात देत होतो. स्पिरिट आणि चपडीचा वास कस्तुराला आवडतो म्हणून ती जवळच बसली होती. धप्प असा आवाज झाला. वळून पाहिलं तर ती आडवी, डोळे वर, हातपाय ताठ, सगळं अंग उडतंय.

सरू किंचाळली. आईनं चप्पल हुंगायला आणली. मी कस्तुराला उचलून रस्त्यावर पळालो. तात्याबाच्या टेम्पोतून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आणली. वाटेत आणखी दोन झटके आले. मी काहीतरी बोलत होतो तिच्याशी, काय ते आठवत नाही.

१९ एप्रिल

वॉर्डबाहेरच्या बाकावर लिहितोय. बोटं पेन धरत नाहीत, अक्षर वेडंवाकडं येतंय.

डॉक्टरीणबाईंनी कस्तुराचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळीकाळी रेघ होती. मला वाटलं राखुंडीची. मग त्या मला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही तोंड उघडा." मी उघडलं. "हात पुढं करा, पालथे." केले. डावा राहिला, उजवा मनगटातून लोंबला.

"काय काम करता?"

सांगितलं. ब्लोलॅम्प, पत्री, सात थर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जुन्या सफेद्यात शिसं असतं," त्या म्हणाल्या. "तापवलं की धुरातून जातं, खरवडलं की धुळीतून जातं. लहान मुलांच्या थेट मेंदूवर जातं. पण इतकं कसं गेलं? तिनं खाल्लंय का?"

मी म्हणालो, सालपटं तोंडात घालायची. त्या म्हणाल्या, आणखी काही? मी म्हणालो, चुलीत जाळायचो. आणि राख? त्यांनी विचारलं. राखेत शिसं तसंच उरतं, जळत नाही.

मग मी राखुंडीचं सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. इंजेक्शनं सुरू केली आहेत, एवढंच शेवटी म्हणाल्या.

कारण होतं. प्रत्येक गोष्टीला असतं तसं. ते माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभं होतं, दोन बाया मला रडून सांगत होत्या तिकडं बोट करून, आणि मी त्यांना शहाणपण शिकवत बसलो. त्यांचं कारण चूक होतं. बोट बरोबर होतं.

सरूला अजून सांगितलं नाही. ती कॉटपाशी आहे.

२१ एप्रिल

कस्तुरा सकाळी गेली.

२७ एप्रिल

तात्याबा माणसं घेऊन येऊन दारं घेऊन गेला. मला म्हणाला, "खंडू, आरशावानी केलीस रं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्याही घरात नातवंडं आहेत, म्हणून मी प्रत्येक दार ओल्या फडक्यानं तीनदा पुसून दिलं. आता त्यांवर रंगाचा कण नाही. रविवारी वास्तुशांत आहे. मी जाणार नाही.

घरातली राख, सालपटं, चुलीची माती सगळी पोत्यात भरली आणि लांब माळावर खोल खड्ड्यात पुरली. काल अमावस्या होती, ते माझ्या ध्यानात नव्हतं. वस्तीनं मला पोतं घेऊन जाताना पाहिलं आणि खंडूनं उतारा टाकला अशी बातमी झाली. मी घरी पोचायच्या आधी आईपर्यंत गेली होती.

गिरजाबाईंकडं गेलो. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे. राखुंडीचा डबा परत द्या, म्हणालो. त्या विचारायला लागल्या, का, काय झालं? शिसं म्हटलं असतं तर त्यांनी ते सरूला जाऊन विचारलं असतं. मी म्हणालो, "बाधलेली आहे." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत डबा माझ्या हातात होता. सुनेला तिथंच चूळ भरायला लावली. इतक्या लवकर माझं म्हणणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

दुपारी सरूनं विचारलं. पोरगी गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "अवं, त्या डागदरीणबाईनं तुमाला एकट्याला बाजूला घिऊन काय सांगितलं?"

उंबऱ्यावर बसलेली आई म्हणाली, "काय सांगनार? मी कवापासनं सांगतीया. दारातच हुतं."

सरू माझ्याकडं बघत राहिली. तिचा उजवा हात मांडीवर होता. रोज सकाळी त्या हाताच्या बोटानं ती कस्तुराचे दात घासायची, आधी पुढचे, मग दाढा, आणि कस्तुरा मुद्दाम चावायची तेव्हा दोघी हसायच्या. खरवडलं मी. पण चुलीत घातलं तिनं, फडक्यातून चाळलं तिनं, मीठ-लवंग घालून पोरीच्या तोंडात फिरवलं तिनं. खरं सांगितलं तर ती तो हात पुन्हा कशालाही लावायची नाही, मला माहीत आहे. माझ्या हाताचं काय ते मी बघेन.

मी म्हणालो, "व्हय. दारात होतं काहीतरी."

तेव्हा सरू रडली. सहा दिवसांनी, मोठ्यानं, माझ्या अंगावर पडून. मी तिला धरून बसलो होतो आणि आई डोळे पुसत म्हणाली, "आता तरी बोलवू का त्याला? घरात अजून असंल."

"बोलव," मी म्हणालो.

बाईंनी जे सांगितलं ते इथं तारखेनिशी लिहून ठेवलं आहे. सरूला वाचता येत नाही, आईलाही नाही. घरात अक्षरं ओळखणारं दुसरं कुणी आता राहिलं नाही, त्यामुळं वही लपवायची गरज नाही.

देवऋषी रविवारी येतोय. घरच्या कर्त्या माणसाला आंघोळ करून पाटावर बसायला लागेल, असा त्याचा निरोप आहे. मी बसणार आहे.